कोड्याच्या उत्तराचा वाद : उपनगरीय प्रकार

गणिती कोड्याच्या उत्तरावरून होणारा वाद मुंबईच्या उपनगरांत बाराही महिने आढळतो. अंधेरी-बोरिवलीकडे तो पश्चिम रेल्वेच्या डब्यात वाढतो, घाटकोपर-मुलुंडकडे मध्य रेल्वेच्या. २०१४ साली मेट्रोने अंधेरी आणि घाटकोपर जोडल्यापासून एका मार्गावर हरलेली बाजू दुसऱ्या मार्गावर जाऊन पुन्हा मांडण्याची सोय झाली आहे. वादाला किमान दोन माणसे, एक मोबाइल आणि अर्धवट लिहिलेला प्रश्न एवढीच सामग्री पुरते. यातली तिसरी वस्तू सर्वांत महत्त्वाची. सगळ्या अटी लिहिलेले कोडे गोरेगावच्या आत संपते. एखादी अट गाळलेली असेल, तर ते विरारपर्यंत जाते आणि दुसऱ्या दिवशी परतही येते.

कोडे शक्यतो पहाटे, सुप्रभातच्या गुलाबाखाली येते. ‘फक्त हुशारांसाठी’ ही ओळ त्यावर असतेच. त्यामुळे पाठवणारा हुशार ठरतो आणि न सोडवणारा संशयित. पहिले उत्तर सहसा निवृत्त बँक अधिकाऱ्याचे असते, कारण त्या वेळी बाकीचे आंघोळीला गेलेले असतात.

सर्वांत जुनाट प्रकार क्रियाक्रमाचा. ८ ÷ २(२ + २) हे २०१९ साली जगभर गाजलेले उदाहरण याचा उत्तम नमुना होय. काहींचे उत्तर १६ येते, काहींचे १. डावीकडून क्रमाने गेल्यास आधी भागाकार, मग गुणाकार, म्हणून १६. कंसाला चिकटलेला २ कंसाचाच मानल्यास १. मराठी शाळेत शिकलेल्यांजवळ यावर ‘कंचेभागुबेव’ हे अस्त्र असते. अडचण एवढीच की ते दोन्ही पक्षांजवळ असते. पहिला पक्ष त्यातल्या ‘भागु’वर बोट ठेवतो, दुसरा ‘चे’वर: दोन‌ (चार) म्हणजे चारचे दोनपट, आणि ‘चे’ तर भागाकाराच्याही आधी. कॉर्नेल विद्यापीठाचे गणितज्ञ स्टीव्हन स्ट्रोगाट्झ यांनी या उदाहरणावर न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला. उपनगरात मात्र प्रश्न ‘तुम्ही कुठल्या शाळेत होता?’ या दिशेला वळतो. एक जादा कंस घातला की वाद मिटतो; म्हणूनच तो कोणी घालत नाही.

दुसरा प्रकार हरवलेल्या रुपयाचा. तिघे हॉटेलात दहा-दहा रुपये काढून ३० देतात. बिल २५ चे असते. वेटर उरलेल्या पाचातले दोन स्वतः ठेवतो आणि प्रत्येकाला एकेक परत करतो. म्हणजे प्रत्येकाचे नऊ गेले, एकूण २७. वेटरचे दोन मिळवले की २९. एक रुपया कुठे गेला? अंधेरीत संशय वेटरवर जातो, मुलुंडमध्ये जीएसटीवर. घाटकोपरच्या व्यापाऱ्याला हे कोडे पडतच नाही. तिघांनी दिलेल्या २७ मध्येच वेटरचे दोन धरलेले आहेत, ते वजा करायचे आणि २५ गल्ल्यात शोधायचे. ते दोन पुन्हा मिळवणारा माणूस त्याच्या पेढीवर महिनाभर टिकत नाही. त्यामुळे या परिसरात हा प्रकार फारसा रुजला नाही.

आकड्यांच्या ओळींचा प्रकार अधिक चिवट आहे. १ + ४ = ५, २ + ५ = १२, ३ + ६ = २१, तर ८ + ११ = ? एका गटाला मागच्या ओळीचे उत्तर पुढे धरून ४० मिळतात. दुसरा गट पहिल्या आकड्यात दोघांचा गुणाकार मिळवून ९६ काढतो. गंमत अशी की मधल्या न लिहिलेल्या चार ओळी भरल्या तर पहिल्या गटाच्या रीतीनेही ३२, ४५, ६०, ७७ असे येत शेवटी ९६ च निघतात. ही गोष्ट सांगणाऱ्यावर दोन्ही गट नाराज होतात. १, २, ४, ८, १६ यानंतर ३२ म्हणणाऱ्यांचीही हीच गत. वर्तुळावरचे बिंदू जीवांनी जोडत गेल्यास जास्तीत जास्त किती तुकडे पडतात, ते मोजले तर ओळ इथवर तशीच चालते आणि सहाव्या बिंदूला ३१ वर येते. पहिले काही आकडे दिले म्हणून पुढचा ठरत नाही, हे गणिताला मान्य आहे, निवृत्तांना नाही.

या साऱ्यांत श्रेष्ठ मानला जातो तो अदलाबदलीचा वाद. १९९० साली अमेरिकेतल्या परेड साप्ताहिकात मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी आपल्या सदरात त्याचे उत्तर दिले. तीन दारे, एकामागे मोटार, दोहोंमागे बकऱ्या. स्पर्धकाने एक दार निवडल्यावर सूत्रधार उरलेल्यांपैकी बकरीचे दार उघडतो आणि निवड बदलायची का, असे विचारतो. बदलावी, कारण तसे केल्यास जिंकण्याची शक्यता दोन-तृतीयांश होते, असे सॅव्हंट म्हणाल्या. सुमारे १०,००० पत्रे आली. त्यांतली जवळपास हजार पीएचडीधारकांची होती आणि बहुतेकांनी त्यांना चूक ठरवले. पॉल एर्डिश यांच्यासारख्या थोर गणितज्ञालाही संगणकावर प्रयोग पाहीपर्यंत हे पटले नव्हते.

बोरिवलीत मोटार बक्षीस नसते, मोटार ठेवायची जागा असते. टेबलावर तीन चिठ्ठ्या, एकीत पार्किंग. सभासद एक उचलतो. सेक्रेटरी उरलेल्यांतली एक उघडून कोरी दाखवतो आणि विचारतो, ‘बदलायची का, काका?’ आता गणित एका गोष्टीवर अडते: सेक्रेटरीला आतले आधीच माहीत होते का? माहीत असून त्याने मुद्दाम कोरी उघडली असेल, तर बदलण्यात दोन-तृतीयांश लाभ. न बघता उघडली आणि योगायोगाने कोरी निघाली, तर निम्मे-निम्मे. अमेरिकेतल्या विद्वानांनी यावर पाने खर्च केली. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तो मुद्दा विनाचर्चा मंजूर होतो: सेक्रेटरीला माहीत असतेच.

तरीही काका चिठ्ठी बदलत नाहीत. सेक्रेटरी बदल सुचवतोय, त्या अर्थी पार्किंग आपल्याच हातात आहे, असे ते धरतात. हा तर्क हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सूत्रधार दर वेळी दार उघडून बदल देऊ करतोच, ही अटही उत्तरासाठी आवश्यक आहे. स्पर्धकाने बरोबर दार निवडले तरच तो विचारत असेल, तर बदलणारा हमखास बुडतो. बऱ्याच पीएचडीधारकांच्या नजरेतून निसटलेली ही अट बोरिवलीच्या काकांना पार्किंगच्या अनुभवातून ठाऊक असते.

अटी लिहिण्याची परंपरा या प्रांतात नवी नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे, आणि साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे येतो आहे. मोर तिरका झेपावतो. दोघे बिळापासून बारा हातांवर भेटतात, कारण दोघांनी सारखेच अंतर काटले हे आचार्यांनी प्रश्नातच सांगून टाकले आहे. हे कोडे आज सोसायटीच्या गटावर टाकल्यास कोणी भांडणार नाही, म्हणून ते कोणी टाकत नाही. डहाणूला जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांचा ६१७४ हा अंकही असाच सोवळा. चार अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करत गेल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो. फक्त चारही अंक सारखे नकोत आणि आलेले शून्य टाकायचे नाही. लोकल २०१३ पासून डहाणूपर्यंत जाते. त्या प्रवासात २२२२ घेऊन कापरेकरांना खोटे पाडणारा गृहस्थ चौथ्या सीटवर असू शकतो.

निकालाची रीत शेवटी एकच उरते: क्लासच्या सरांना विचारणे. सर उत्तरसूची पाहून सांगतात आणि ते मान्य होते, कारण उत्तरसूची छापील असते. जेईई मेनमध्ये मात्र या सूचीलाही हरकत घेता येते. दर प्रश्नामागे २०० रुपये, परत न मिळणारे. हा दर डब्यातल्या वादांना लावावा, अशी सूचना मुलुंडच्या एखाद्या गटावर आलीच, तर पैसे कोणाकडे जमा करायचे यावरून नाहूर यायच्या आत तीन पक्ष पडतील.