ब्रह्माघाटावरची चाळिशी

काशीत ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या पट्ट्यात पेशवाईपासून मुक्काम ठोकून बसलेली मराठी घरं आहेत. तिथल्या प्रत्येक वाड्यात एक काका असतात. पेन्शनीत निघालेले, रोज घाटाच्या पायऱ्या उतरून गंगेवर जाऊन येणारे, मराठी बोलताना मध्येच ‘अरे भैया’ म्हणणारे आणि डोळ्यांवरचा प्रोग्रेसिव्ह चष्मा अजून ‘बसायचाय’ असं सांगणारे. दुकानदार म्हणतो, दोन आठवड्यांत सवय होते. आमच्या काकांचं चौथं वर्ष चालू आहे.

या चार वर्षांत पाच चष्मे झाले. ते एका लाकडी पेटीत असतात. पूर्वी त्या पेटीत पोथ्या असत. पोथ्या आता फडताळात उघड्यावर पडल्यात, कारण त्या वाचता येत नाहीत, आणि त्या वाचता याव्यात म्हणून पेटी लागते.

घरी कुणीही आलं की काका चष्मा काढून काचेवर ‘हाः’ करतात. वाफ धरते आणि काचेत कोरलेल्या दोन बारीक खुणा उमटतात. “या दोघींत ३४ मिलिमीटर. आणि ही खाली जवळची भर, सव्वादोन. दिसली?” पाहुणा चष्मा डोळ्यांशी नेईपर्यंत वाफ उडालेली असते. पुन्हा ‘हाः’. तिसऱ्यांदाही दिसलं नाही तर पाहुण्यालाच चाळिशी लागली असं निदान होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याला गोदौलियाला चष्म्याच्या दुकानात नेलं जातं. माझा चष्मा असाच लागला.

वयालाही चाळिशी आणि चष्म्यालाही चाळिशी, एवढी सोय आपल्याच भाषेने केली आहे. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होतं आणि कागद लांब धरावा लागतो, इतकी साधी गोष्ट. काका ती एकनाथांपासून सुरू करतात. नाथांनी भागवत पुरं केलं ते इथेच काशीत, १५७३ साली. जन्म १५३३चा धरला तर वय नेमकं चाळीस! “अठरा हजारांवर ओव्या, आणि चष्मा नाही,” काका म्हणतात. नाथांच्या थोरवीपेक्षा स्वतःच्या हालांचं दुःख त्यात जास्त असतं. मग थेट १७८४. बेंजामिन फ्रँकलिन आपल्या दुहेरी चष्म्याचं पत्रातून कौतुक करतात. मग १९५९. फ्रान्सचा इंजिनिअर बर्नार मेतनाझ ‘व्हॅरिलक्स’ आणतो आणि काचेवरची रेघ नाहीशी होते. “तिथेच सगळा घोटाळा झाला. रेघ होती तोवर निदान हद्द कळत होती.”

घोटाळा असा, की या काचेत वर लांबचं दिसतं, तळाला जवळचं, आणि दोन्हींना जोडणारी मध्ये एक अरुंद वाट असते. त्या वाटेच्या दोन्ही अंगांना सगळं जग पाण्यात पडल्यासारखं हलतं. म्हणून जे पाहायचं असेल तिकडे डोळे न वळवता नाक वळवावं लागतं. थोडक्यात, नाकासमोर पाहणाऱ्या माणसाचा हा चष्मा. काका आयुष्यात कधी नाकासमोर चाललेले नाहीत. बनारसच्या गल्लीत बैल बाजूने येतो, स्कूटर बाजूने येते, आणि ऐकण्यासारखी बातमी तर नेहमीच शेजारच्या ओट्यावरून येते. समोरच्याशी बोलत असताना तिसऱ्या दारात कोण उभं आहे हे डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपणं ही काकांची जन्मभराची कमाई होती. चष्म्याने नेमका तोच कोपरा बुडवला. आता बातमी हवी तर मान वळवावी लागते, आणि मान वळली की बातमी बंद होते.

चौथ्या चष्म्याच्या वेळी दुकानातल्या तरुण पोराने नव्या पद्धतीने विचारलं, “अंकल, दिन भर क्या करते हैं?” हल्ली विचारतात तसं, कुणी दिवसभर गाडी चालवतो, कुणी कॉम्प्युटरवर बसतो, त्याप्रमाणे काच निवडतात. काका म्हणाले, “बेटा, बनारस में रहते हैं.” पोराने पेन खाली ठेवलं. मग काकांनी स्वतःच अंतरं सांगितली. पंचांग दीड वीत. ताटातली आमटी हातभर. बिंदुमाधवाची मूर्ती गर्दीवर अवलंबून. गंगेचा पलीकडचा काठ पाण्यावर अवलंबून.

पण खरी परीक्षा पायऱ्यांची. काचेच्या तळाचा नंबर हातभर अंतराचा, आणि पायरी पाच फुटांवर. सवयीने डोळे खाली केले की पंचगंगेच्या उभ्या पायऱ्यांची घसरगुंडी होते. यावर इलाज एकच, हनुवटी छातीला लावायची आणि काचेच्या वरच्या भागातून पाय पाहायचे. काका तसे उतरू लागले. खालून ओळखीचा नाववाला ओरडला, “का गुरू, आज बड़ा लजात हउआ!” त्या संध्याकाळी पाचवा चष्मा पेटीत गेला.

कोडं सोडवलं काकूंनी. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही नंबर काढायला जाता तेव्हा चूळ भरून, तोंड धुऊन जाता. एरवी दिवसात कधी तुमचं तोंड रिकामं असतं का?”

काकांचा हात थांबला. ज्यांनी बनारसी माणसाला बोलताना पाहिलं आहे त्यांना हे लगेच कळेल. गालात विडा घोळत असला की रस ओघळू नये म्हणून तो हनुवटी वर करतो, आणि उरलेलं संभाषण आकाशाकडे तोंड करून पार पाडतो. हनुवटी वर गेली की नजर काचेच्या तळातून जाते, म्हणजे वाचायच्या भागातून. चार वर्षं काका अख्खी काशी पंचांगाच्या नंबरातून पाहत होते. आणि पायऱ्यांवर हनुवटी खाली घालावी तर रस सदऱ्यावर. एवढं साधं गणित फ्रान्समध्ये कुणाला सुचणार?

सहाव्या वेळी काका तोंडात विडा ठेवून दुकानात गेले. पोराने फ्रेम चढवली आणि बुबुळासमोर काचेवर ठिपका काढायला मार्कर उचलला. काकांनी हनुवटी आपल्या नेहमीच्या जागी नेली. ठिपका बराच खाली पडला. पोरगा हसला नाही. त्याच्याही गालात होतंच.

हा चष्मा बसला! वाचायचा भाग खाली सरकल्यामुळे पायऱ्या स्वच्छ दिसतात, माणसं माणसांसारखी दिसतात. फक्त वाचायचं असेल तर हनुवटी वर हवी. वर्तमानपत्राचं काही अडत नाही, ते विड्याबरोबरच येतं.

अडलं ते पोथीचं. पोथी पुढ्यात असताना तोंडात पान चालत नाही.

परवा सकाळी गेलो तर काका स्नान करून भागवत उघडून बसले होते. हनुवटी छताकडे, ओठ गच्च मिटलेले, डावा गाल फुगवलेला. तोंडात काही नव्हतं. नजर ओवीवरून सरसर चालली होती.

“मनातल्या मनात काय वाचताय?” आतून काकू म्हणाल्या. “मोठ्याने वाचा की, मलाही ऐकू दे.”

“उं,” काका म्हणाले, आणि बोटाने थांब अशी खूण केली.