पत्ता कसा कट करावा
(केसपेपर खिडकीवर नव्याने रुजू झालेल्यांसाठी)

सरकारी दवाखान्यात डाटा एंट्री ऑपरेटर म्हणून तुमची नेमणूक झाली, अभिनंदन. समोर संगणक, संगणकात फॉर्म आणि खिडकीबाहेर थेट गेटपर्यंत रांग. नाव, वय, लिंग हे रकाने पटापट भरतात. मग येतो पत्ता. साथ नेमकी कुठून उठली हे साथरोग अधिकाऱ्याला याच रकान्यातून शोधायचं असतं. तेव्हा तो निकामी करायचा तर थोडा अभ्यास हवा. खालचे धडे क्रमाने गिरवा.

धडा १ : गाव लिहा, बाकी सोडा

"गाव?"
"वडगाव."
इथेच थांबा. "कुठलं वडगाव?" असं चुकूनही विचारू नका, कारण रुग्ण उत्तर देईल. एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ आहे, वडगाव शेरी आहे, सिंहगड रस्त्याला वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द आहे, बारामतीकडे वडगाव निंबाळकर, जुन्नरला वडगाव आनंद, शिरूरला वडगाव रासाई. डेंग्यूचा एडिस डास जन्मल्या जागेपासून काहीशे मीटरपलीकडे सहसा जात नाही. धूरफवारणीची गाडी मात्र तुमच्या कृपेने तीस-चाळीस किलोमीटर भलतीकडे जाऊ शकते.

फॉर्म इंग्रजीत असेल तर दुधात साखर. 'गाव'चं स्पेलिंग सकाळी जी-ए-ओ-एन करा, जेवणानंतर जी-ए-व्ही. 'बुद्रुक' कधी पूर्ण लिहा, कधी नुसतं 'बु.', कधी कंसात. माणसाला हे एकच गाव वाटतं, संगणकाला चार दिसतात. एका गावात तापाचे आठ रुग्ण निघाले तर धावपळ होते, चार गावांत दोन-दोन निघाले तर कुणाच्याही कपाळाला आठी पडत नाही.

धडा २ : यादीतलं पहिलं गाव आपलं माना

काही फॉर्ममध्ये गाव टाइप करू देत नाहीत, यादीतून निवडायला लावतात. घाबरू नका. या यादीमागे प्रत्येक गावाचा सरकारी संकेतांक असतो. जनगणनेने २०११ साली गावागावाला सहा आकडी क्रमांक दिला, आणि पंचायती राज मंत्रालयाच्या निर्देशिकेतही प्रत्येक गावाला स्वतंत्र क्रमांक आहे. एवढ्या कष्टाने केलेली ही व्यवस्था एका क्लिकवर मोडता येते : यादी उघडा, अगदी वरचं गाव दाबा, पुढे चला. महिनाभरात अकारादि क्रमाने पहिलं आलेलं ते बिचारं गाव तालुक्यातलं सर्वांत रोगट ठरेल. रुग्णसंख्येला गावाच्या लोकसंख्येने भागून आजाराचा दर काढतात. सहाशे वस्तीच्या गावात नऊशे रुग्ण दाखवून तुम्ही संख्याशास्त्रालाही चकित कराल. मग आरोग्यसेवक तिथे घरोघर रांजण पालथे घालत फिरतील आणि खरी अळी शेजारच्या गावात टायरमधल्या पाण्यात निवांत वाढेल.

धडा ३ : जिल्ह्याबाबत भावना जपा

जिल्हा विचारल्यावर रुग्ण म्हणेल, "नगर." मनाला येईल तसं लिहा : नगर, अ. नगर, अहमदनगर, किंवा २०२४ नंतरचं अहिल्यानगर. धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगरच्या बाबतीतही हेच स्वातंत्र्य घ्या. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला हे विसरून जव्हार-मोखाड्याचे रुग्ण ठाण्यातच ठेवा. गावाचा संकेतांक लिहिला असता तर जिल्ह्याचं नाव बदललं तरी गाव सापडलं असतं. म्हणूनच तो लिहायचा नाही.

धडा ४ : आधार कार्डावरचा पत्ता म्हणजे ब्रह्मवाक्य

आता सर्वांत फलदायी धडा. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी आली आहे. कार्डावर पत्ता सासरचा. तोच उतरवा. मग सासरच्या गावची आशाताई बाळाच्या लसीकरणासाठी कुलूपबंद दारावर थाप मारत राहील, आणि माहेरच्या आशाताईला या बाळाची खबरही लागणार नाही.

ऊसतोड कामगारांचंही असंच. बीडमधून निघालेलं कुटुंब कारखान्याच्या परिसरात पालं ठोकून महिनोन्‌महिने राहतं. तिथे आजारी पडलं तर 'कायमचा पत्ता : जि. बीड' असं ठसठशीत लिहा. पाण्याची चौकशी बीडला होऊ द्या. "गेले दोन आठवडे मुक्काम कुठे होता?" हा प्रश्न धोकादायक आहे, त्याने सगळं उघडकीला येतं. एडिस डास दिवसा चावतो, म्हणून "कामाला कुठे जाता?" हा प्रश्नही तितकाच टाळावा.

प्रश्न विचारल्याने काय अनर्थ होतो ते लंडनने पाहिलं आहे. १८५४ साली सोहो भागात कॉलरा पसरला. डॉ. जॉन स्नो मृतांचे पत्ते घेऊन दारोदार हिंडला आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपापाशी पोहोचला. एक विधवा मात्र पार हॅम्पस्टेडला राहत होती, तिथे कॉलरा नव्हता, तरी ती दगावली. स्नोने चौकशी केली तेव्हा कळलं, तिला त्याच पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ते बाटलीतून तिच्याकडे पोहोचवलं जाई. पत्ता जुळत नव्हता, त्या एका प्रश्नाने पंपावरचा संशय आणखी पक्का झाला. पंपाचा दांडा तर त्याआधीच काढून घेतला गेला होता. अशा खोड्या आपल्या खिडकीवर नकोत.

धडा ५ : तंत्रज्ञानावर विश्वास ठेवा

पिनकोड विचारला तर दवाखान्याचाच टाका, तो तुम्हाला पाठ आहे. संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ ला आलेली ही योजना टपाल वाटपासाठी होती. एका पिनकोडात कितीतरी गावं येतात आणि त्याची हद्द ग्रामपंचायतीच्या हद्दीशी जुळेलच असं नाही, त्यामुळे नुसत्या पिनकोडावर आजार शोधणाऱ्याचा घाम निघतो.

टॅबवर 'लोकेशन घ्या' असं बटण असेल तर खिडकीत बसल्या बसल्या दाबा. सगळे रुग्ण दवाखान्यातच राहतात असं नकाशावर दिसेल. अक्षांश-रेखांश हाताने भरायचे असतील तर त्यांची अदलाबदल करा. पुणे साधारण १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व असं आहे, आकडे उलटे टाकले की पुणेकर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात, थंडगार पाण्यात पोहू लागतात. दोन्ही रकाने शून्य ठेवलेत तर रुग्ण आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात जातो. भारताच्या मुख्य भूमीचे अक्षांश साधारण ८ ते ३७ आणि रेखांश ६८ ते ९७ यांच्या दरम्यान येतात, त्यामुळे एक साधा नियम बसवला तर संगणक ही अदलाबदल जागच्या जागी पकडू शकतो. तो नियम बसवण्याची आठवण कुणाला करून देऊ नका.

धडा ६ : गुप्तता म्हणजे काय ते साहेब बघतील

चुकून एखादा पत्ता अचूक नोंदला गेलाच, तर क्षयाच्या रुग्णांच्या घरांचा ठिपक्यांचा नकाशा छापून व्हरांड्यात लावा. गल्लीतल्या कुणालाही घर ओळखता येईल आणि पुढचा रुग्ण खोटा पत्ता सांगेल, म्हणजे तुमचं काम वाचलं. डीएचएस (डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे) पद्धतीच्या आरोग्य पाहण्यांमध्ये ठिपके प्रसिद्ध करण्याआधी मुद्दाम सरकवतात, शहरात दोन किलोमीटरपर्यंत, खेड्यात बहुतेक वेळा पाच किलोमीटरपर्यंत. इतका सोस आपल्याला कशाला?

परिशिष्ट : ज्यांना हे जमणार नाही त्यांच्यासाठी

काही जण स्वभावानेच हट्टी असतात. त्यांनी आधी तालुका विचारावा, मग गाव यादीतून निवडावं. वाडी, वस्ती, पाडा किंवा तांडा यांचं नाव आणि जवळची एक खूण लिहावी. सध्याचा मुक्काम वेगळा असेल तर तो स्वतंत्र रकान्यात भरावा आणि मोबाइल नंबर पुन्हा वाचून दाखवावा. याला फार तर एक मिनिट जास्त लागतं.

आणि हे वाचणारे साहेब असतील तर त्यांच्यासाठी एवढंच : दोनशे माणसांच्या रांगेसमोर एकट्या ऑपरेटरकडे ते मिनिट नसतं. दुसरी खिडकी उघडा आणि त्याने भरलेल्या पत्त्यांवरून कुठली साथ आटोक्यात आली ते त्याला महिन्यातून एकदा दाखवा. प्रशिक्षणाचं पत्रक त्यानंतर काढा.