वंशावळ काढण्याची आणि ग्रुपवर टाकण्याची रीत

घराण्याचा इतिहास लिहायला वयाची अट नाही. तरी निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे दोन महिने या कामाला विशेष मानवतात. साहित्य थोडेच लागते: जाड वही, शिसपेन्सिल, भिंग, मोबाइल आणि नात्यातली नव्वदीच्या आसपासची एक बाई, जिला ऐकू येते. शेवटची बाब पैसे देऊन मिळत नाही.

पहिली अडचण कागदांची नसून हेतूची आहे. "वंशावळ काढतोय," एवढे म्हणताच समोरून येते, "का रे? जमिनीचं काही निघालंय का?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे वंशावळ लागते ती वारसनोंदीला, नाहीतर जात पडताळणीला. निव्वळ कुतूहलापोटी खापरपणजोबांची चौकशी करणारा माणूस संशयितच. संशोधकाने "सहज" असे उत्तर कधीही देऊ नये. त्याने संशय पक्का होतो. "मुलाच्या शाळेचा प्रोजेक्ट आहे," असे सांगावे. मुलगा नोकरीला लागलेला असला तरी चालते. दूरच्या नातेवाइकांच्या लेखी तो अजून पाचवीतच असतो.

यानंतर मूळपुरुष. तो नेहमी दुसरीकडून कुठून तरी, नेसत्या वस्त्रानिशी, कुलदैवताच्या दृष्टांतावरून आलेला असतो. कर्जापायी रातोरात गाव सोडलेला मूळपुरुष निदान माझ्या वाचनात तरी नाही. १८७६-७८ च्या दुष्काळाने आणि १८९६ च्या प्लेगच्या साथीने माणसे देशोधडीला लागली, पण ती इतरांच्या घराण्यांतली.

मूळपुरुषाच्या खालोखाल पानिपतावरचा पूर्वज हवा. तो मिळेल की नाही याची चिंता नको. १७६१ पासून आजवर साधारण नऊ-दहा पिढ्या झाल्या. नऊ पिढ्या मागे गेले की आपल्याला ५१२ पूर्वज भरतात. त्याच त्या घरांत सोयरिकी झाल्या असतील तर थोडे कमी. त्यांतला एखादा भाऊसाहेबांच्या छावणीत भाकऱ्या थापायला तरी असेलच. ग्रुपवर भाकऱ्यांचा उल्लेख टाळावा. "मोहिमेत होते" एवढे पुरते. मात्र हा हिशेब मांडताना एक गोष्ट लपत नाही. या ५१२ जणांपैकी आपल्या आडनावाची वाट एकाच माणसापाशी जाऊन पोचते. ज्याला आपण 'घराणे' म्हणतो तो हा एक इसम. उरलेल्या ५११ जणांना वंशावळीत जागा नाही, आणि त्यांतल्या २५६ तर बायकाच.

साधनांकडे वळू. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितले की वही निघते, आणि कुणाचे तरी श्राद्ध उरकून आजोबांनी भावांची, मुलांची, पुतण्यांची नावे लिहून खाली केलेली सही समोर येते. याहून अस्सल साधन नाही. घोटाळा होतो तो गावात. आपण सांगतो पुणे किंवा डोंबिवली; गुरुजींना हवे असते मूळ गाव. ते ठाऊक नसेल तर कुलदैवतावरून माग काढावा, पण जपून. देवसुद्धा स्थलांतर करतात. मंगेशाने पोर्तुगिजांच्या धाकाने १५६० मध्ये कुशस्थळी सोडली आणि तो प्रियोळला जाऊन राहिला. देवाचा सध्याचा पत्ता तो आपला जुना पत्ता, असे गृहीत धरू नये.

घरातले कागद मागायचे असतील तर मनाची तयारी करून जावे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी वाडे पालथे घालून दप्तरे मिळवली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड काढले. आपल्याला मिळते ते एक वाक्य: "सगळं पानशेतात गेलं." १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याचा नदीकाठ बुडाला, हे खरे. साताऱ्याच्या माळ्यावरची ट्रंक त्यात कशी वाहून गेली, हे विचारू नये. ट्रंक बहुधा माळ्यावरच असते आणि तिच्यात वाटणीपत्र असते.

कागद हाती आलेच तर ते मोडीत निघतात. मोडी लिहिणारा हात उचलत नाही, शब्द तोडत नाही आणि विरामचिन्हांचा तर प्रश्नच नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी सुगीचे दिवस आले. असा वाचक भेटल्यास त्याला चहावर सोडू नये, जेवायलाच बसवावे. वाचून झाल्यावर सनाकडे लक्ष द्यावे. शके असेल तर ७८ मिळवायचे, फसली असेल तर ५९०. ही बेरीज न करता फसली ११७० हा इसवी सन समजणाऱ्या उत्साही मंडळींचे पूर्वज ज्ञानेश्वरांच्या शंभर वर्षे आधी मोडीत खरेदीखते करताना आढळतात. दुसरा धोका नावांचा. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची चाल असल्यामुळे गणेश त्र्यंबक, त्र्यंबक गणेश, पुन्हा गणेश त्र्यंबक अशी रांग लागते. दोन गणेशांचा एक झाला की तो एकशे तीस वर्षे जगतो, आणि ग्रुपवर त्याचे श्रेय नाचणीला जाते.

आता प्रसारण. पहिला नियम: पूर्ण पीडीएफ टाकू नये. ती कुणी उघडत नाही. "खूप छान उपक्रम" असे सहा जण लिहितात आणि सातवा गुलाबाच्या फुलावर सुप्रभात टाकून ती वर ढकलून देतो. एकेक पान टाकावे, शक्यतो रविवारी दुपारी. पहिल्या अर्ध्या तासात नाशिकचे काका सांगतील की, थोरली पाती त्यांची आहे आणि तक्त्यात ती डावीकडे हवी होती. त्यांना तक्ता उलटा करून पुन्हा पाठवावा. आत्या लिहील, "माझं जन्मसाल कुणी टाकायला सांगितलं?" ते खोडावे. न्यू जर्सीचा चुलतभाऊ सगळे एक्सेलमध्ये मागेल आणि मिळाल्यावर पुन्हा कधी बोलणार नाही. दत्तक गेलेल्या मुलाला कुठल्या फांदीवर बसवायचे, यावर दोन दिवस व्हॉइस मेसेज चालतील. ते ऐकले आहेत असे भासवण्यासाठी अंगठा पुरतो. आजोबांच्या दुसऱ्या बायकोचा उल्लेख आला की ॲडमिन सेटिंग बदलून ग्रुपला कुलूप लावेल. हे अपयश नव्हे, संशोधन नेमक्या जागी पोचल्याची खूण आहे.

एक कागद मात्र ग्रुपवर कधीही टाकू नये, तो म्हणजे फेरफार. 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार थोडक्या शुल्कात मिळतात. त्यात वारल्याची तारीख, वारसांची नावे, नाती, सगळे एका जागी असते. इतिहासाच्या दृष्टीने ते सोने आहे. ते टाकताच निळ्या खुणा उमटतात आणि ग्रुप शांत होतो. कारण तक्त्यात ज्या आत्यांचा पत्ता नव्हता त्या इथे ओळीने उभ्या असतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर बाप वारला की मुलींची नावे नोंदीत चढू लागली आणि घरोघर हक्कसोडपत्राने उतरूही लागली. वंशावळीत मुलीचे नाव शोधायचे असेल तर तिने कशावर पाणी सोडले ते पाहावे. त्याआधीच्या कागदांत ती सापडते ती 'कोम' किंवा 'भ्र.' लावून नवऱ्याच्या नावाला टांगलेली, माहेर गुल. चुकून फेरफार टाकला गेलाच तर 'सर्वांसाठी डिलीट' करायला साधारण अडीच दिवसांची मुदत मिळते, पण काकांनी तोवर स्क्रीनशॉट वकिलाला पाठवलेला असतो.

अलीकडच्या काही कुलवृत्तांतांत मुली आणि लेकीसुना नावानिशी येऊ लागल्या आहेत, हे नोंदवायला हवे. तरी मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटाने गेलेल्या कोकणातल्या बायकांचे नशीब यापेक्षा बरे, असे म्हणावे लागते. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या नोंदवह्या आहेत. तिथल्या कारकुनाने मजूर बाईचे नाव, बापाचे नाव, गाव, वय, उंचीसुद्धा लिहून ठेवली. त्याला त्या बाईंबद्दल जिव्हाळा नव्हता, हजेरी हवी होती. जिव्हाळा असणाऱ्या आपल्या घरांनी मात्र पणजीच्या जागी 'सौ. लक्ष्मी' लिहून काम भागवले. आणि लक्ष्मी हे तिचे लग्नात बदललेले नाव.

तेव्हा मूळपुरुष थोडा थांबू द्यावा. तो अडीचशे वर्षे थांबलाच आहे. नव्वदीच्या त्या बाईंना आधी फोन करावा. त्यांचे माहेरचे नाव, आईचे नाव, आईचे माहेर, किती बाळंतपणे आणि किती मुले जगली, एवढे विचारून तारखेसह लिहून घ्यावे. जुने फोटो दाखवून कोण कोण ते विचारावे आणि मागे शिसपेन्सिलीनेच लिहावे. शाई पुढे उतरते. फोन दुपारी चारनंतर करावा. त्याआधी त्या झोपलेल्या असतात.