बंबाचं पाणी आणि एकवीस हजारांचा दाखला

सकाळी बंब पेटवला की धूर मेंदीच्या कुंपणापलीकडे जातो आणि धुरामागोमाग आक्का येतात.

"बाई, तुमच्या लंडनच्या जाऊबाईंना म्हणे सरकार थंडीचे पैसे देतं?"

"घर ऊबदार ठेवायला. हिवाळ्यात एकदाच, 200 पौंड. ऐंशी ओलांडली की 300. 1997 पासून सरसकट सगळ्या म्हाताऱ्यांना मिळायचे. 2024 साली सरकारनं हात आखडला, फक्त गरिबांना म्हणाले. असा गलका झाला की पुढच्याच वर्षी माघार. आता सगळ्यांना देतात, आणि वर्षाला 35,000 पौंडांच्या वर उत्पन्न असलं तर करातून काढून घेतात."

"आधी द्यायचं, मग काढून घ्यायचं? इकडून तिकडं पाणी ओतल्यासारखंच की! ज्याला गरज नाही त्याला द्यावंच कशाला? आता तुम्हीच बघा. मास्तरीणबाईंचं पेन्शन, वर एसटी फुकट!"

लागलं मला. पण खोटं कुठं होतं? 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढं एसटीला तिकीट नाही. कंडक्टर आधार बघतो, पासबुक नाही. स्वारगेटला जाऊन येते, पै लागत नाही. आक्कांना अजून पाच वर्षं आहेत. त्यांचं अर्धं तिकीट.

"बरं, तुमच्या वेल्ह्याच्या मावशींचं श्रावणबाळचं काय झालं?" मी विषय वळवला. (वेल्हं आता कागदावर राजगड तालुका; आक्कांच्या तोंडी वेल्हंच.)

"कशाचं काय! वय पासष्टच्या वर, ते आहे. पण घरचं उत्पन्न वर्षाला एकवीस हजाराच्या आत पाहिजे."

"म्हणजे दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत."

"पोरगा पुण्यात वॉचमन. त्याचा पगार धरला की म्हातारी श्रीमंत! त्याचा पैसा हिच्या चुलीत येतो का, ते कोण विचारतंय? दाखल्यापायी तीन खेपा घातल्या. मिळाले असते महिन्याला दीड हजार. गॅस आहे, पण तो पाहुण्यांच्या चहापुरता. या थंडीत अजून डोंगरातनं सरपण आणती, संध्याकाळी शेकोटीला बसती."

"म्हणून म्हणते आक्का, वय बघून सगळ्यांना द्यावं आणि माझ्यासारखीकडून वसूल करावं. मला चार रुपये जास्त गेले तर सरकार बुडत नाही. मावशींना मात्र गरिबी शाबीत करायला बसभाडं घालावं लागतं."

"मग काढा की तिकीट! पेन्शन आहे ना? कोण नको म्हणतंय?"

यावर मी बंबात दोन लाकडं सारली. पाणी कढायला आलं होतं. आक्कांनी मेंदीवरून रिकामी बादली पुढं केली.

"दाखला आणलाय का?" मी विचारलं.

"ओता गुमान," आक्का म्हणाल्या.