पत्र्यावरचा दगड

बुटीबोरीला समुद्र नाही, म्हणून चक्रीवादळाची चिंताही नाही. २०२० च्या ३ जूनला ‘निसर्ग’ अलिबागजवळ धडकलं, तेव्हा आपण टीव्हीपुढे बसून कोकणाला सल्ले देत होतो. इथे एप्रिल-मेच्या तापल्या दुपारनंतर ढग उभे राहतात आणि समुद्राला न विचारता पत्रे उडवून नेतात, एवढंच.

तयारी मात्र चोख. पत्र्यावर दगड, दगड कमी पडला तर जुना टायर. बोल्ट कसायला पैसे पडतात, दगड फुकट. शिवाय पत्रा उडाला की दगडही सोबत जातो, एकटा राहत नाही. खिडकीतला कूलर सुतळीच्या भरवशावर. वाळवणातल्या कुरडया तेवढ्या पहिल्या थेंबाआधी घरात येतात. घरातली सराव झालेली आपत्ती-यंत्रणा ती एकच, आणि ती आईच्या हाती. विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये आहे, मोबाइल चार्जिंगला आहे, आणि लाइट पहिल्याच झोतात गेलेली आहे.

हवामान खात्याचा यलो अलर्ट आला की तो आम्ही पाच ग्रुपांवर धाडतो. कडुलिंबाखालची गाडी काही हलवत नाही. सावली असते नं तिथे!