बाल्कनी डावी की उजवी?

क्रूझला निघालेल्या नवरा-बायकोंचा पहिला प्रश्न पैशांचा असेल असं वाटतं. पण मराठी घरात पहिला प्रश्न येतो, "बोट लागली तर?" दुसरा येतो, "नेमकी संकष्टी आली तर?" पैशांचा नंबर तिसरा, आणि तोपर्यंत बुकिंग करणाऱ्या पोराने आगाऊ रक्कम कापून घेतलेली असते.

आमचा बेत मुंबई–गोवा–लक्षद्वीप–मुंबई असा होता. सल्ला द्यायला अख्खी सोसायटी हजर. मेहुणा एकदा सिंगापूरहून क्रूझ करून आलेला, त्यामुळे घरातला दर्यासारंग तोच. "बाल्कनीवाली केबिन घ्या, नाहीतर जाऊच नका," असं त्याने बजावलं. शेजारच्या काकांना जहाजाचा वेग हवा होता. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तेव्हा १५ नॉट वेगाने जाणारं जहाज ताशी जेमतेम २८ किलोमीटर कापतं. काकांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. पावसाळा सोडला तर वंदे भारत सीएसएमटीहून मडगावला आठ तासांच्या आत सोडते. "म्हणजे तुम्ही जास्त पैसे भरून उशिरा पोचणार," ते म्हणाले आणि चहा संपवून शांतपणे निघून गेले. या वाक्याला मला आजही उत्तर सापडलेलं नाही.

कामाचा सल्ला दिला तो सासूबाईंनी. त्या मूळच्या वेंगुर्ल्याच्या. त्यांच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणची आगबोट सुटायची आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरं घेत खाली जायची. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, पडाव येऊन तिला बिलगायचा आणि खलाशी माणसांना बखोटीला धरून खाली घ्यायचे. ती वाहतूक बंद पडून जमाना झाला, पण सासूबाईंच्या लेखी बोट म्हणजे तीच. डेकवर सतरंजी, एका अंगाला आंब्याच्या पेट्या, दुसऱ्या अंगाला ओकणारी माणसं. आमच्या जहाजाचं रंगीत माहितीपत्रक, त्यातला पोहण्याचा तलाव आणि निळा झगा घातलेली गायिका त्यांनी लांब धरून पाहिली आणि म्हणाल्या, "रिकाम्या पोटान बोटीत चढा नकात. आणि टोकाक झोपा नकात. मदी झोपा."

हे अगदी शास्त्रशुद्ध आहे. लाटेवर जहाजाचं नाक आणि शेपूट वरखाली होतं, मध्यावर हालचाल कमीत कमी. आणि जितकं वरच्या मजल्यावर जावं तितकं डोलणं जास्त. गंमत अशी की कंपन्या जास्त पैसे घेतात ते वरच्या मजल्यांचे. ज्याला बोट लागते त्याने पैसे देऊन ती जास्त लावून घ्यावी, असा एकूण व्यवहार. गोळीचंही तसंच. ती बोट सुटण्याआधी घ्यायची असते, लागल्यावर घेतली तर ती बाकीच्या जेवणाबरोबर बाहेर येते. डॉक्टरांना विचारून दोन प्रकारच्या गोळ्या घेतल्या. शिवाय आवळासुपारी, आलेपाक आणि लिंबं. लिंबं बोटीवर चालतील का, हा उपप्रश्न.

मग तारीख. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर क्रूझ बंद. आमचं लग्न मेच्या शेवटच्या आठवड्यातलं, म्हणजे लग्नाचा वाढदिवस बोटीवर साजरा करायचा तर मॉन्सूनची पहिली लाट आणि केक एकदमच यायचे. समुद्र शांत हवा तर डिसेंबर-जानेवारी. पण डिसेंबरात मार्गशीर्षातले गुरुवार, चंपाषष्ठी, दत्तजयंती. आमचे सगळे देव दर्या शांत असतानाच जागे होतात. कालनिर्णय भिंतीवरून उतरवून टेबलावर आला, पेन्सिलीने फुल्या पडल्या आणि जी एकमेव सुटलेली तारीख उरली तिच्या पोटात संकष्टी निघाली. हिने फोन लावला.

"उपासाचं मिळेल का हो?"

"हो मॅडम, जैन मिळेल."

आता जैन जेवणात बटाटा चालत नाही आणि आमच्या उपासाला बटाट्याशिवाय चालत नाही. साबुदाण्याची खिचडी म्हणजे काय, हे त्या पोराला समजावून सांगण्यात दहाएक मिनिटं गेली. तो सौजन्यमूर्ती होता. "फ्रूट प्लेट देतील, मॅडम," म्हणाला. घरून डबा न्यायचा तर बाहेरचं अन्न बोटीवर चालत नाही. ही गप्प झाली, म्हणजे तिने मनात काहीतरी ठरवलं.

खरं रणकंदन झालं बाल्कनीवरून. मेहुण्याचं ऐकून मी बाल्कनी मान्य केली होती. प्रश्न होता, कुठल्या बाजूची. मुंबईहून दक्षिणेला निघालं की किनारा डाव्या हाताला. म्हणजे पूर्व डावीकडे, पश्चिम उजवीकडे. मला समुद्रातला सूर्यास्त पाहायचा होता, तेव्हा केबिन उजवीकडची हवी. संकष्टीचा चंद्र उगवणार पूर्वेला, तेव्हा हिला डावीकडची. मी म्हटलं, "अगं, येताना जहाज उत्तरेकडे तोंड करणार, मग सगळं उलट होईल. उजवीकडची घेतली की जाताना माझा सूर्यास्त आणि येताना तुझा चंद्र." आयुष्यात क्वचितच इतका निर्दोष युक्तिवाद माझ्या तोंडून गेला असेल. ही म्हणाली, "पण अहो, संकष्टीच्या रात्री आपण येत असू की तिथेच उभे असू?"

पुन्हा फोन. पोरगा म्हणाला, ते हवेवर आहे. लक्षद्वीपची बेटं प्रवाळांची, भोवती उथळ खाजणं. मोठं जहाज जवळ जाऊच शकत नाही, ते बाहेर नांगर टाकून उभं राहतं. आणि नांगरावरचं जहाज वारा-प्रवाह नेतील तिकडे तोंड फिरवतं. म्हणजे बाल्कनीसमोर चंद्र येईल, अगत्ती येईल किंवा आफ्रिका. शिवाय चंद्रोदयाची वेळ कुठल्या गावची धरायची? कालनिर्णयात अरबी समुद्राचा रकाना नाही. अगत्तीचं रेखावृत्त मुंबईहून पाऊण अंशही लांब नाही. अंशाला चार मिनिटं या हिशेबाने फरक तीनएक मिनिटांचा, पण अक्षांश तब्बल आठ अंशांनी खाली, आणि त्याचा हिशेब मला जमेना. "दिसेल तेव्हा उगवला," असा हिने निकाल दिला. शेवटी पोरगाच कंटाळून म्हणाला, "सर, वरच्या डेकवरून दोन्ही बाजू दिसतात. फुकट." मेहुण्याला न कळवता मी मधल्या मजल्यावरची, मधोमधची, नुसती खिडकी असलेली केबिन घेतली.

पैशांचं थोडक्यात सांगतो. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा दर माणशी असतो, तोही एका केबिनमध्ये दोघं आहेत असं धरून. त्याच्या डोक्यावर एक चांदणी असते. त्या चांदणीचा खुलासा पानाच्या तळाला, मुंगीच्या अक्षरात: बंदर शुल्क वेगळं, कर वेगळा, सेवा शुल्क वेगळं. चष्मा लावून तळापासून वर वाचत जावं. आणि हवामानामुळे एखादं बंदर गाळलं तर पैसे परत मिळतात का, हे बुकिंगच्या आधीच विचारावं. बहुतेक वेळा मिळत नाहीत. लक्षद्वीपला उतरायला भारतीयांनाही परवाना लागतो, त्यामुळे ओळखपत्रावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव एकच हवं. आमच्या घरात आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं. आम्ही नवरा-बायको असल्याचा पुरावा मात्र कुणी मागितला नाही. सामान तपासणीच्या रांगेतलं आमचं बोलणं ऐकूनच खात्री पटली असावी.

ते बोलणं किटलीवरून होतं. मला पहाटे साडेपाचला चहा लागतो म्हणून मी विजेची किटली आणली होती. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी, त्यामुळे किटली, इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड सगळं बंद. किटली पावती देऊन ठेवून घेतली. हिच्या बॅगेतला आवळासुपारीचा डबा, लिंबं आणि पर्सच्या आतल्या कप्प्यातले दोन राजगिऱ्याचे लाडू मात्र सुखरूप पार पडले. बॅगा तिथेच घेतल्या जातात आणि केबिनच्या दारात कधी येतील ते बोटवाल्यांच्या मनावर. औषधं, चष्मा आणि संध्याकाळचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवावा. आमच्या ओळीतल्या एका ताई पहिल्या रात्रीच्या जेवणाला प्रवासाच्याच कपड्यांत होत्या आणि दर पाच मिनिटांनी सगळ्यांना त्याचं कारण सांगत होत्या.

हे सगळं बॅलार्ड पियरला. एकेकाळी विलायतेच्या मेल बोटी इथे लागायच्या, बॅरिस्टर व्हायला निघालेल्यांना हार घालायला गोतावळा यायचा. आम्हाला सोडायला टॅक्सीवाला आला होता, आणि त्याला सुट्ट्या पैशांची घाई होती.

जहाज सुटण्याआधी कवायत. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की ठरलेल्या जागी गोळा व्हायचं. पूर्वी ही कवायत सुटल्यानंतर चोवीस तासांत केली तरी चालायची. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यालगत कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम कडक झाला. ही कहाणी मी हिला रांगेत उभ्या उभ्या सांगितली. ती सांगण्याची ती वेळ नव्हती, असं हिचं मत पडलं. हिने लाइफ जॅकेट नारायणपेठवर चढवलं, पट्टे आवळले आणि पदर बाहेर काढून पुन्हा खांद्यावर घेतला. शिकवणारा खलाशी क्षणभर थांबला. त्याच्या पुस्तकात पदराचा उल्लेख नसावा.

केबिन बरी होती. दीडशे चौरस फुटांच्या आतबाहेर जागा, त्यात दोन माणसं, दोन मोठ्या बॅगा आणि बाथरूम. एकाने वळायचं तर दुसऱ्याने पलंगावर बसायचं. मुलं नाहीत, टीव्हीवर मराठी नाही आणि रुसून जायला दुसरी खोली नाही. किनारा दूर गेला की मोबाइलची रेंज जाते आणि जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क आपणहून येऊन चिकटतं, ज्याचं बिल घरी गेल्यावर कळतं. म्हणून फोन एअरप्लेन मोडवर. मग बोलायचं कुणाशी, तर एकमेकांशी. माहितीपत्रकात याबद्दल एक अक्षर नव्हतं.

गोव्यात जहाज मुरगावला लागतं. परत चढण्याची वेळ सांगितलेली असते आणि ती जहाजाच्या घड्याळाची असते. त्यात मंगेशी किंवा मासे, दोन्हींपैकी एक नीट होतं. आम्ही दोन्ही अर्धवट केली.

संकष्टीला दुपारी नाश्त्याच्या हॉलमध्ये हिने गोव्याच्या एका वेटरला गाठलं. तिची मालवणी आणि त्याची कोंकणी यांचा समेट झाला आणि तो आतून दोन उकडलेले बटाटे, वाटीभर दही आणि जिरं घेऊन आला. जिरं घालून तिने दह्यात बटाटा कुस्करला, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या गुजराती काकू फ्रूट प्लेट बाजूला सारून "आ क्यांथी लाव्या?" विचारायला आल्या. रात्री वरच्या डेकवर डीजे चालू होता. चंद्र उगवला तो जहाजाच्या उजवीकडेही नाही आणि डावीकडेही नाही, बरोबर शेपटाच्या दिशेला, तांब्याच्या परातीएवढा. जहाज तेव्हा वळण घेत होतं म्हणे. हिने हात जोडले, अक्षता आणि फूल समुद्रात टाकायला हात पुढे केला, तशी एका पांढऱ्या गणवेशातल्या पोराने अदबीने वाटी पुढे केली. समुद्रात काहीही टाकायचं नाही असा नियम आहे. नैवेद्याचा लाडू मात्र त्याने घेतला. बाल्कनीवाले लोक आपापल्या बाल्कनीत, पडदे ओढून, वाऱ्याला शिव्या देत बसले होते.

तेव्हा जे कुणी मला विचारतात त्यांना मी सांगतो: बाल्कनी घेऊ नका, मध्यावर झोपा. आणि शेवटच्या रात्री बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या रात्रीतून खाली जातात आणि थेट मुंबईच्या धक्क्यावरच भेटतात. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ ब्लेझर, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि बोटीवरच्या कागदी सपाता अशा वेशात बॅलार्ड पियरला उतरले. बॅग बाहेर ठेवण्याआधी सकाळची पँट काढून घ्या. चपलाही.