सामूहिक निबंधलेखन: शिक्षकांसाठी उपयुक्त सूचना

सर्वप्रथम संगणक कक्षाची किल्ली मिळवावी. ती शिपाईमामांकडे असते, आणि मामा बँकेत गेलेले असतात.

किल्ली मिळाली की गूगल डॉक्समध्ये कोरा कागद उघडून दुवा मुलांना पाठवावा. परवानगी 'संपादक' अशी द्यावी. 'दर्शक' दिल्यास मुले दर्शकाचे काम मन लावून करतात. एका कागदावर एका वेळी 100 जणांना लिहिता येते. हा आकडा ठरवणाऱ्यांनी नववी 'ब' पाहिलेली नसावी.

खात्यात न शिरता थेट दुव्यावरून आलेले मूल निनावी प्राणी म्हणून दिसते. कॅपीबारा, ॲक्झोलॉटल वगैरे. हजेरी घेताना प्राण्यांच्या नावाने पुकारा करू नये. सगळेच 'हजर' म्हणतात.

विषय 'पावसाळ्यातील एक दिवस' असा निरुपद्रवी द्यावा. पहिल्याच मिनिटाला 'आकाशात काळे ढग' सतरा ठिकाणी जमतात. मग कोणीतरी कंट्रोल आणि ए दाबून अख्खा पावसाळा पुसते. ओरडू नये. फाइल मेनूत आवृत्ती इतिहास असतो. तिथून आधीची प्रत परत आणावी.

हा आवृत्ती इतिहास म्हणजे शिक्षकाचा खरा मित्र. वहीतला निबंध ताईने लिहिला की बाबांनी, हे अक्षरावरून ताडावे लागे. इथे कोणी काय लिहिले, कधी लिहिले, ते रंगासकट दिसते. 11 वाजून 4 मिनिटांनी दोनशे शब्द एकदम अवतरतात, त्यात 'निसर्गाचे विलोभनीय रूप' असते. एवढा वेग महाभारत उतरवताना गणपतीलाही साधला नसेल. विचारले तर उत्तर ठरलेले: "सर, एकदम सुचलं."

बोलून टाइप करण्याची सोय मराठीतही आहे, पण ती भरलेल्या वर्गात वापरू नये. 'धो धो पाऊस कोसळत होता माझा पेन दे ना रे' असे वाक्य तयार होते. (भाषा जिवंत असते म्हणतात ती हीच. मी त्याला अर्धा गुण जास्त दिला.) युनिकोड येण्याआधीच्या फाँटमधला मजकूर आणून चिकटवू नये. त्याची नुसती रोमन चिन्हे होतात, आणि मुले ती प्रामाणिकपणे शुद्ध करत बसतात.

मुख्याध्यापकांनाही तोच दुवा गेलेला असतो. ते मजकुराच्या मधोमध 'पाहिले' असे लिहितात. ते खोडण्याचे धाडस करू नये. परिपाठात निबंध वाचून दाखवताना 'आकाशात ढग पाहिले गडगडले' असेच वाचावे.